छपरावर चढण्याआधी

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

मे महिना सरत आला, की आमच्या दापोलीकडच्या वाड्यांमधून एक ओळखीचा आवाज ऐकू येऊ लागतो. कौलावर कौल ठेवल्याचा. सात-आठ जूनला मृग लागतो, त्याआधी घर शाकारून झाले पाहिजे, ही कोकणातली जुनी रीत. फुटकी कौले बदलायची, आढ्यावरचे कोने नीट बसवायचे, पन्हळीतला पाचोळा काढायचा, गोठ्याचा पत्रा पाहायचा. ही सगळी कामे उंचावरची. आणि ती करणारा माणूस बहुधा एक जुनी शिडी, पायात झिजलेली चप्पल आणि ‘काय होतंय!’ हा दिलासा, एवढ्या भांडवलावर वर चढलेला असतो.

मीही तसाच होतो. शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले. गुरुत्वाकर्षणाचा धडा तर तोंडपाठ. तो मला खऱ्या अर्थाने कळला जून २०२० मध्ये.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि आमच्या भागालाही झोडपून गेले. माडपोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली, पत्रे शेजारच्या आगरात जाऊन पडले. वीज गेली, फोन बंद. डोक्यावर पावसाळा. ज्याला त्याला आपले छप्पर आज, आत्ता झाकून हवे होते. आमच्याकडे वर्षानुवर्षे शाकारणीला येणारे एक गृहस्थ होते. वयाने माझ्याहून मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. गोठ्याच्या सिमेंटच्या पत्र्यावर फांदी पडली होती. ते खाली उभे राहून पत्रा न्याहाळत म्हणाले, “गुरुजी, फळी हवी. पत्रा जुना आहे.” मी म्हणालो, “फळी कुठे शोधत बसता? वादळात टिकला तो पत्रा, तुमच्या वजनाने काय होणार?”

ते चढले. चार पावले गेले असतील. पत्रा कडकन मोडला आणि दादा आत, शेणाच्या फरशीवर.

उंची किती, तर दहा फूट. पुढे मी आकडेमोड केली. दहा फुटांवरून पडायला पाऊण सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो, आणि जमिनीवर आदळताना वेग असतो ताशी सुमारे अठ्ठावीस किलोमीटर. पाऊण सेकंदात माणूस काहीही सावरू शकत नाही. म्हणून उंचावरच्या कामात जी काय खबरदारी घ्यायची, ती पाय जमिनीवर असतानाच घ्यावी लागते. आज मला एवढेच सांगायचे आहे.

पहिला प्रश्न आपण स्वतःला विचारावा : चढायलाच हवे का? पन्हळीतला पाचोळा लांब काठीला आकडी बांधून खालून ओढता येतो. मंगलोरी कौल रिपेवर नुसते अडकवलेले असते. त्यामुळे एखाददुसरे फुटके कौल पुष्कळदा घराच्या आतून, भक्कम घोडीवर उभे राहून, वरच्या ओळीतले कौल जरा उचलून बदलता येते. जे काम खालून होते, ते वर जाऊन करण्यात शौर्य नाही.

चढायचेच असेल, तर आधी शिडी. आमच्याकडे तिला निसण म्हणतात. वर्षभर ती गोठ्यामागे पावसात पडलेली असते आणि मे महिन्यात एकदम आठवते. बांबूच्या शिडीला भुंगा लागला आहे का, म्हणजे भोकातून पिवळसर भुकटी पडते का, ते पाहा. उभ्या बांबूला चीर आहे का, पायऱ्या सुंभाने बांधलेल्या असतील तर सुंभ कुजला आहे का, तेही पाहा. शिडी दोन दगडांवर आडवी टेकवून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकेका पायरीवर उभे राहावे. मोडायची असेल तर ती तिथेच मोडू दे. लाकडी शिडीला ऑइलपेंट लावू नये, कारण रंगाखाली चिरा झाकल्या जातात.

शिडी लावण्याचे गणित सोपे आहे. जितकी उंची, त्याच्या एक चतुर्थांश अंतर भिंतीपासून. बारा फुटांवर टेकवायची असेल, तर तिचे पाय भिंतीपासून तीन फूट दूर. फार उभी लावली तर ती माणसासकट मागे येते, फार पसरट लावली तर खालून सरकते. पट्टी नसेल तर शिडीच्या पायाला आपल्या पायांची बोटे लावून ताठ उभे राहा आणि हात सरळ समोर पसरा. तळवे पायरीला आरामात टेकले, म्हणजे कोन बरोबर आहे.

शिडीचे वरचे टोक, जिथे आपण उतरणार त्या कडेच्या तीन फूट तरी वर हवे, म्हणजे छपरावर पाय टाकताना हाताला धरायला काहीतरी राहते. ते टोक पन्हळीवर किंवा कौलांच्या कडेवर टेकवू नये. भिंत किंवा भक्कम वासा पाहावा आणि तिथे दोरीने बांधून टाकावे. बांधून होईपर्यंत खाली एकाने शिडी धरून उभे राहायचे. सारवलेले खळे आणि शेवाळलेली फरशी निसरडी असते. भुसभुशीत मातीत शिडीचा एक पाय रुततो. तिथे खाली रुंद फळी घालावी आणि पाय खुंटीला बांधावेत.

चढताना तोंड शिडीकडे. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार नेहमी टेकलेले असावेत. साहजिकच हातात हातोडा किंवा कौल घेऊन चढता येत नाही. सामान टोपलीत घालून दोरीने वर ओढावे. बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मधेच राहिली पाहिजे. जरासे लांबचे काम दिसले की आपण वाकतो, आणि तिथेच तोल जातो. उतरून शिडी सरकवायला दोन मिनिटे लागतात.

आता छप्पर. सिमेंटचा पत्रा हा पत्रा नव्हेच, तो पापड आहे असे समजा. उन्हापावसाने तो ठिसूळ होतो आणि वर शेवाळ चढले की चीरही दिसत नाही. उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा पत्रा तर धुळीने शेजारच्या पत्र्यासारखाच दिसू लागतो. खिळ्यांच्या ओळीवरून चालले की झाले, असे सांगतात. त्यावर विसंबू नका, एक पाऊल चुकले तरी पुरते. दोन-तीन आडव्या वाशांवर टेकतील अशा लांब, रुंद फळ्या टाकाव्यात आणि फक्त त्यांच्यावरूनच जावे. एक फळी पुढे सरकवताना उभे राहायला दुसरी हवी. कौलांच्या उतरत्या पाख्यावर वरच्या टोकाला आकडे असलेली शिडी आढ्यावर अडकवून आडवी टाकावी. तिच्यावर वजन वाटले जाते, कौलही फुटत नाही आणि पायही घसरत नाही.

कमरेला दोर बांधून चढणारे पुष्कळ दिसतात. दोराची लांबी इतकीच ठेवावी, की माणूस छपराच्या कडेपर्यंत पोचूच नये. ढिल्या दोरावर माणूस लटकला, तर कमरेला बांधलेला दोरच आतून इजा करतो. खांदे आणि मांड्यांभोवती बसणारा पूर्ण पट्टा बाजारात मिळतो. घ्यायचाच तर भारतीय मानक ‘आयएस ३५२१’चा शिक्का पाहून घ्यावा आणि त्याची दोरी आढ्याला किंवा पलीकडच्या जिवंत झाडाच्या बुंध्याला बांधावी, पन्हळीला नव्हे.

विजेची तार विसरू नका. ॲल्युमिनियमची शिडी हलकी म्हणून सोयीची, पण तारेजवळ ती काळ ठरते. ओला बांबूही भरवशाचा नाही. वीज गेली आहे, म्हणजे तार मेली आहे, असे मानू नये. कुणाच्या तरी जनरेटरचा प्रवाह उलटा त्या तारेत आलेला असू शकतो. वायरमनला बोलावून जोडणी तोडून घ्यावी, मगच शिडी उचलावी.

आणि वेळ पाहावी. दव वाळल्यावर चढावे, भर उन्हाच्या आधी उतरावे. वारा सुटला, सर आली की काम थांबवावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि आदल्या रात्री ‘बसलेल्यांनी’ खालीच राहावे. एकट्याने तर कधीच चढू नये.

एवढे करूनही कुणी पडला, तर आम्ही केले ते करू नका. आम्ही चौघांनी दादांना हातापायांना धरून उचलले आणि जीपमध्ये बसवले. डॉक्टर नंतर म्हणाले, “कमरेचा मणका मोडला होता. तुम्ही त्याला बसवलंत कसं?” पडलेल्या माणसाला आहे तिथेच, आहे तसे राहू द्यावे. मान आणि पाठ हलू देऊ नये. पांघरूण घालावे, बोलत राहावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आमच्यासारखे फोनच बंद असतील, तर फळीवर किंवा दारावर, मान-पाठ एका रेषेत ठेवून, सर्वांनी एकदम उचलून न्यावे.

दादा वाचले. मणका आणि टाचेचे हाड सांधले. ते काठी घेऊन चालतात, पण पुन्हा कधी छपरावर गेले नाहीत. औषधपाण्याचा खर्च मी केला. त्यात मोठेपणा काही नाही. दादांना त्यांचे काम मला ठाऊक होते त्यापेक्षा जास्त ठाऊक होते. ‘फळी हवी’ असे त्यांनी सांगितले होते. मी मालक होतो, त्यामुळे त्यांच्या शब्दापेक्षा माझा शब्द वरचढ ठरला. वर चढणारा जेव्हा ‘थांबा’ म्हणतो, तेव्हा खाली उभ्या असलेल्याने थांबायचे असते. मजुरी त्याच्या कामाची असते, जिवाची नव्हे.

आता दरवर्षी मे महिन्यात दादा आमच्या खळ्यात खुर्ची टाकून बसतात. वर त्यांचा पुतण्या असतो. गोठ्याच्या भिंतीला तीन लांब फळ्या कायमच्या टेकवून ठेवलेल्या आहेत. पुतण्या शिडीला हात लावतो, तेव्हा दादा काठीने आधी त्या फळ्यांकडे बोट दाखवतात. मी शिडी धरून उभा असतो, आणि तो खाली उतरेपर्यंत सोडत नाही.