काचेच्या कापडाचे विमान

काचेच्या कापडाचे विमान बनते असे कोणी सांगितले, तर आपण ती थट्टा समजाल. बंगळुरास मात्र असे विमान १९८७ साली उडाले. ते बांधले होते राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने, आणि त्याला आधार होता बर्ट रुटान या अमेरिकन विमानरचनाकाराच्या ‘लाँग-ईझी’चा. हा आराखडा मुळात घरच्या गॅरेजमध्ये, फावल्या वेळी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींसाठी काढलेला. एका राष्ट्रीय प्रयोगशाळेने हौशी लोकांच्या वाटेने जावे, याचे फायलींत वाढलेल्या माझ्यासारख्या सरकारी नोकरास मोठे कौतुक वाटते. पुढे १९९३ मध्ये याच संस्थेचे ‘हंसा’ हे विमानही अशाच काचतंतूंच्या कवचाने उडाले.

रुटान यांची पद्धत ऐकावयास सोपी आहे. हलक्या फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने कापून त्याला पंखाचा आकार द्यावयाचा, त्यावर काचतंतूंचे कापड पसरावयाचे आणि ते इपॉक्सी नावाच्या राळेने भिजवावयाचे. राळ कठीण झाली की कवच तयार! मोठा साचा लागत नाही, म्हणूनच एकट्यादुकट्याला हे साधते. बळ असते ते धाग्यांत. राळ त्यांना जागच्या जागी धरून ठेवते, इतकेच. राळ कमी पडली तर कोरडे, पांढुरके डाग राहतात. अधिक झाली तर नुसते वजन वाढते.

बंगळुरास बदलीवर असताना मी रविवारी अशा एका मंडळीत जात असे. प्रमाणे सारी मुखोद्गत होती. पहिल्याच दिवशी मी वाटीभर राळ कठिणक घालून एकदम कालवली. थोड्याच वेळात वाटी हातात धरवेना, आणि तीतून धूर निघू लागला. या संयोगात उष्णता उत्पन्न होते, आणि खोल भांड्यातून तिला बाहेर पडावयास वाट मिळत नाही, हे मी वाचले होते. पण वाचलेले त्या वेळी आठवावे लागते ना!

“साहेब, थोडी थोडी कालवा, आणि लगेच कापडावर पसरा,” बेळगावकडचे एक निवृत्त कारागीर म्हणाले. त्यांनी आधी मला हातमोजे चढवावयास लावले, कारण ही राळ कित्येकांच्या कातडीला कायमची बाधते. मग माझ्या हातावर हात ठेवून रबरी पट्टी कापडावरून ओढली. ती किती दाबावी, हे कोणत्या पुस्तकाने सांगावे?

रंग चढला की आतली चूक कोणास दिसत नाही, आणि त्या पंखाच्या भरवशावर माणूस आकाशात जाणार असतो. म्हणून त्या गृहस्थांनी माझ्या वाळलेल्या तुकड्यावर रुपयाचे नाणे वाजविले. टण्, टण्, टण्. आणि एका कोपऱ्यात बद्द. तेथे कापड फोमपासून सुटले होते. मला तर तो कोपरा सर्वांत गुळगुळीत वाटत होता. त्यांनी न बोलता सुरी माझ्या हाती दिली, आणि पुढचा रविवार तो भाग कापून काढून नवा थर देण्यात गेला.