खलाशाचा फावला वेळ

पुण्यास समुद्र नाहीं. मुळा-मुठेच्या पाण्यांत होडीपेक्षां मोठें कांहीं तरंगत नाहीं, आणि येथील पुष्कळ विद्यार्थ्यांनीं जहाज पाहिलें असेल तें मुंबईच्या सहलींत, दुरूनच. तथापि दर्यावर्दी माणसें घडविण्याच्या कामीं आपल्या जिल्ह्याचा वांटा लहान नाहीं. लोणावळ्याचें ‘शिवाजी’ हें आरमारी यंत्रशिक्षणाचें केंद्र १९४५ च्या फेब्रुवारींत सुरू झालें. तळेगांवजवळ इंदुरी येथें तोलानी संस्थेंत व्यापारी जहाजांवरील अधिकारी तयार होतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतील छात्र तेथील तलावावर शिडाच्या होड्या हांकण्यास शिकतात. तेव्हां आमच्या वाचकांपैकीं कोणी उद्यां बोटीवर चढेल हें असंभवनीय नाहीं. कोणाचे वडील, मामा अगर थोरले बंधु आजच बोटीवर असतील.

खलाशाच्या कामाविषयीं पुस्तकांतून पुष्कळ लिहिलेलें आढळतें. वादळें, होकायंत्र, दीपगृहें ह्यांचीं वर्णनें मुलें आवडीनें वाचतात. त्याच्या रिकाम्या वेळाविषयीं मात्र फार थोडें लिहिलें जातें. शिक्षक, कारकून अगर गिरणींतला कामकरी काम संपलें कीं घरीं जातो. खलाशाचें घर हजारों मैल दूर असतें. त्याची कामाची जागा, निजण्याची जागा आणि करमणुकीची जागा एकच. सोबती त्यानें निवडलेले नसतात, आणि कंटाळा आला म्हणून चार पावलें बाहेर फिरून यावें तर बाहेर पाणीच पाणी. अशा माणसाचा फावला वेळ कसा जातो, ह्यावर त्याची प्रकृति, त्याची वृत्ति आणि कित्येकदां जहाजाची सुरक्षितताही अवलंबून असते. तो वेळ चांगला जाण्यास नुसती गाणीं व बोलपट पुरत नाहींत. त्यांस सोबतीची जोड लागते. हीच गोष्ट ह्या लेखांत आम्हांस सांगावयाची आहे.

प्रथम हा वेळ किती व केव्हां मिळतो तें पाहूं. जहाजावरील दिवस पाळ्यांनीं मोजतात. चार चार तासांची एक पाळी. शिडांच्या जहाजांवर खलाशांचे दोन तट असत. चार तास एकानें काम करावें, पुढील चार तास दुसऱ्यानें. दर अर्ध्या तासास घंटा वाजे. पहिल्या अर्ध्या तासास एक टोला, दुसऱ्यास दोन, असे आठ टोले पडले कीं पाळी संपली. परंतु दिवसाच्या सहा पाळ्या दोन तटांत वांटल्या तर मध्यरात्रीची पाळी रोज एकाच तटाच्या वांट्यास येते. विद्यार्थ्यांनीं कागदावर मांडून पाहावें. ह्यावर तोड म्हणून सायंकाळची चार ते आठ ही पाळी मध्यें तोडून दोन दोन तासांच्या दोन पाळ्या केल्या. सहांच्या सात पाळ्या झाल्या आणि रात्रीचा भार आळीपाळीनें दोघांवर पडूं लागला. ह्या हिशेबाचा दुसराही एक लाभ झाला. सायंकाळीं सहा ते आठ ह्या वेळांत दिवसाचें मुख्य काम उरकलेलें असे, आणि हवा बरी असली तर दोन्ही तटांची मंडळी डेकवर एकत्र जमूं शकत. गाणें, वाजविणें, गोष्टी सांगणें हें सर्व बहुधा ह्याच दोन तासांत चाले.

आगबोटी आल्यावर तीन तट झाले. चार तास काम व आठ तास मोकळीक अशी पद्धति पुष्कळ जहाजांवर रूढ झाली. आतां तर विश्रांति हा खलाशाचा कायदेशीर हक्क झाला आहे. जगांतील राष्ट्रांनीं २००६ सालीं सागरी श्रमिकांविषयीं एक करार केला; तो २०१३ पासून अमलांत आला व भारतानें २०१५ सालीं तो मान्य केला. त्याप्रमाणें कोणत्याही चोवीस तासांत निदान १० तास आणि सात दिवसांत निदान ७७ तास विश्रांति मिळाली पाहिजे. ती दोहोंपेक्षां अधिक तुकड्यांत विभागतां येत नाहीं, व त्यांतील एक तुकडा ६ तासांचा तरी असावा लागतो.

कायद्यानें इतकी बारीक काळजी कां घ्यावी? थकलेल्या कारकुनाच्या हातून बेरीज चुकते. ती उद्यां सुधारतां येते. थकलेल्या खलाशाची चूक सुधारण्यास समुद्र थांबत नाहीं. १९८९ च्या मार्च महिन्यांत ‘एक्सॉन व्हॉल्डीज’ हें तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढलें आणि सुमारें चार कोटि लिटर तेल समुद्रांत सांडलें. अगणित पक्षी व जलचर त्यांत नष्ट झाले. चौकशीअंतीं जीं कारणें ठरलीं त्यांत पाळीवरील अधिकाऱ्याचा थकवा व कामाचा अतिरेक हें एक होतें.

आतां करमणुकीकडे वळूं. संगीत हें खलाशाचें सर्वांत जुनें सोबती. शिडाच्या दिवसांत तें कामांतच मिसळलेलें असे. जड दोर ओढतांना किंवा नांगर वर घेतांना वीस हात एकाच क्षणीं जोर करतील तरच उपयोग. म्हणून एकानें चरण म्हणावा व सर्वांनीं ध्रुवपदावर ओढ द्यावी, अशी रीत जगांतील बहुतेक किनाऱ्यांवर आढळते. आपल्या कोंकणांतही होडी वाळूवर ओढतांना ताल धरणारे कोळी व खारवी कोणीं पाहिले नाहींत? तोच ताल सायंकाळीं कामावांचून मोकळा होई, आणि त्याचें गाणें बने. गोव्याच्या खलाशांस ह्या कामीं विशेष सोय होती. तेथील चर्चशाळांतून लहान मुलांस स्वरलेखन वाचण्याचें व व्हायोलिन वाजविण्याचें शिक्षण देण्याची जुनी प्रथा होती. त्या शिक्षणावर पुढें मुंबईच्या बोलपटांचे वाद्यवृंद कितीएक वर्षें उभे राहिले, आणि पेटींत व्हायोलिन घेऊन बोटीवर चढणारा गोंयकार हा अपवाद राहिला नाहीं.

बोलपटाचा प्रवेश पुढचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत १६ मिलिमीटर रुंदीच्या फितीवरील बोलपट पत्र्याच्या डब्यांतून जहाजांवर येऊं लागले. भोजनगृहाच्या भिंतीवर अगर उघड्या डेकवर पांढरा पडदा ताणावा, खुर्च्या, बाकें, जें मिळेल तें मांडावें, आणि पाळीवर नसतील त्या सर्वांनीं बसावें. यंत्र एकच असल्यामुळें एक रीळ संपलें कीं दुसरें चढवीपर्यंत दिवा लागे. त्या दोन मिनिटांत कथेवर चर्चा होई, थट्टा होई, चहा फिरे. बंदरांत दुसरें जहाज शेजारीं आलें तर डब्यांची अदलाबदल होई, म्हणजे नवा खेळ मिळे व नव्या ओळखीही होत. तोच बोलपट तिसऱ्यांदां पाहण्याची पाळी आली तरी मंडळी उठून जात नसत. कारण तो पाहावा कसा, कोठें हंसावें, कोणत्या वाक्यापूर्वींच तें वाक्य ओरडावें, हें आतां सर्वांस ठाऊक झालेलें असे.

परंतु खलाशाचे डोळे लागलेले असतात ते बंदराकडे. जमिनीवर पाय टेकावा, झाडें पाहावीं, ताजी फळें खावीं, घरीं निरोप पाठवावा, बाजारांतून मुलांकरितां कांहीं घ्यावें, एवढीच बहुतेकांची इच्छा असते. पण येथेंच मोठा धोकाही असे. मागील शतकांत, नव्हे त्याच्याही मागील शतकांत, कित्येक महिन्यांचा पगार एकदम हातीं आलेला खलाशी धक्क्यावर उतरला कीं दलाल त्यास गांठीत. निजण्याची जागा, दारू, जुगार सर्व हे दलालच पुरवीत. आठ दिवसांत खिसा रिकामा होई, आणि त्याच दलालाचें देणें फेडण्यासाठीं तो मिळेल त्या जहाजावर पुनः चढे. ज्यास कोणी ओळखीचें नाहीं व जावयास ठिकाण नाहीं, त्याची फुरसत दुसऱ्याच्या हातीं जाते.

ह्या स्थितीस निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळें उत्तर दिलें. इंग्लंडांत १८३५ सालीं जॉन ॲश्ली नांवाच्या धर्मगुरूनें ब्रिस्टलच्या खाडींत नांगरून पडलेल्या जहाजांस भेटी देण्यास आरंभ केला. त्या कामांतून १८५६ सालीं खलाशांसाठीं एक मिशन स्थापन झालें, आणि आज अनेक देशांच्या बंदरांत त्याचीं केंद्रें आहेत. मुंबईंत ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ ह्या इमारतीची कोनशिला १८७० सालीं बसली व १८७६ त ती पुरी झाली. पुढें १९२८ पासून तेथें विधिमंडळ भरूं लागलें, आणि आज रीगल चित्रपटगृहासमोरील त्याच इमारतींत महाराष्ट्र पोलिसांचें मुख्यालय आहे. परंतु ती होती युरोपियन खलाशांची सोय. हिंदी खलाशांसाठीं मस्जिद बंदर भागांत ‘इंडियन सेलर्स होम’ उभें राहिलें तें पहिल्या महायुद्धानंतर. त्या युद्धांत समुद्रावर प्राण गेलेल्या, आणि समुद्रावांचून दुसरें थडगें नसलेल्या, दोन हजारांहून अधिक खलाशांचीं नांवें तेथें कोरलेलीं आहेत. मुंबईस सहल नेणाऱ्या शिक्षकांनीं त्या नांवांपुढें मुलांस क्षणभर उभें करावें, अशी आमची सूचना आहे.

तथापि सर्वांत मनोवेधक उत्तर दिलें तें गोव्याच्या खलाशांनीं स्वतःच. कोंकणींत त्यांस ‘तारवटी’ म्हणतात. तारूं म्हणजे गलबत हा शब्द आपल्याही जुन्या मराठींत आहे. बोट मिळेपर्यंत मुंबईंत राहावें कोठें, हा त्यांचा प्रश्न. म्हणून एकेका गांवच्या मंडळींनीं धोबीतलाव, गिरगांव, माझगांव अशा भागांत खोल्या घेतल्या. कोंकणींत खोलीस ‘कूड’ म्हणतात. म्हणून हींच निवासस्थानें कूड ह्या नांवानें प्रसिद्ध झालीं. धोबीतलावावरील जेर महाल ह्या जुन्या चाळींत अशा कितीतरी कुडी एकाच छपराखालीं होत्या. महिन्याची वर्गणी अगदीं थोडी. प्रत्येकाची एक पेटी भिंतीशीं ठेवलेली. तीच त्याचें कपाट, आणि रात्रीं तिच्या शेजारीं अंथरूण. एका बाजूस गांवच्या संताची वेदी. सायंकाळीं ठरल्या वेळीं सर्वांनीं एकत्र प्रार्थनेस बसावें, हा नियम. त्यापुढें पत्ते, कॅरम, गाणें, गांवच्या गोष्टी. वर्षांतून एकदां गांवच्या संताचा सण मुंबईंतच वाद्यांच्या गजरांत साजरा होई. कोंकणी नाटकाचा ‘तियात्र’ हा जो प्रकार, त्याचा पहिला खेळ १८९२ च्या एप्रिलांत झाला तो गोव्यांत नव्हे, मुंबईंत. आणि बोटीवरून उतरलेले तारवटी त्याच्या प्रेक्षकांत असत. कुडीला कोणा सरकारचें किंवा धनिकाचें पाठबळ नव्हतें. पण गांवचा मनुष्य शेजारीं होता, व त्याच्यादेखत सर्व पगार एका रात्रींत उधळण्याची लाज वाटत होती. एवढ्यानें पुष्कळ घरें वांचलीं.

आजची स्थिति निराळी आहे. अवाढव्य जहाजांवर हजारों पेट्या लादलेल्या असतात, आणि तें सर्व चालविणारीं माणसें वीस-पंचवीस. पूर्वीं माल उतरविण्यास आठ-पंधरा दिवस लागत. आतां यंत्रांनीं तें काम सरासरीनें दिवसाच्या आंतबाहेर उरकतें. धक्के गांवापासून दूर गेले. बंदरांच्या सुरक्षिततेचे जे नियम २००४ पासून लागू झाले त्यांमुळें फाटकाबाहेर पडणेंही अनेक ठिकाणीं दुर्घट झालें. २०२० च्या महामारींत तर सुमारें चार लाख खलाशी कराराची मुदत संपूनही जहाजांवरच अडकून पडले होते. दुसरीकडे, ज्याच्या त्याच्या हातांत दूरध्वनियंत्र आलें असून गाणीं व चित्रपट त्यांतच सांठविलेले असतात. जहाजावर इंटरनेटची वाजवी सोय असावी असा नियमही २०२४ च्या डिसेंबरापासून त्या करारांत अमलांत आला आहे. ही सोय लहान नव्हे. मुलाचा वाढदिवस चार हजार मैलांवरून पाहतां येतो. पण एक गोष्ट तिनें हिरावूनही नेली. पाळी संपली कीं जो तो आपल्या कोठडींत शिरतो व दार लावतो. करमणुकीच्या सामाईक खोलींत गिटार असते, पण तार जुळविणारा नसतो. बोलपट पूर्वींपेक्षां शंभरपटींनीं अधिक झाले, आणि रीळ बदलतांनाचीं तीं दोन मिनिटें मात्र गेलीं. जो मनुष्य आंतल्या आंत खंगत आहे तो पूर्वीं सहा ते आठच्या मेळ्यांत न दिसला तर कोणीतरी चौकशी करी. बंद दारामागें तो कोणाच्या लक्षांत येत नाहीं. जाणते कप्तान म्हणूनच रविवारीं सर्वांनीं एकत्र जेवावें, टेबल-टेनिसचे सामने व्हावेत, सणाला सर्वांनीं मिळून कांहीं करावें, असा आग्रह धरतात. ही हौस म्हणून ते करीत नाहींत. तो त्यांच्या कर्तव्याचाच भाग आहे.

पालकांस ह्यावरून एक विनंति करावीशी वाटते. मुलगा समुद्रावर जाऊं म्हणतो तेव्हां पगार किती व बढती केव्हां हें आपण विचारतां, आणि तें योग्यच आहे. त्याबरोबर हेंही पाहावें, कीं रिकामी सायंकाळ चार अनोळखी माणसांबरोबर आनंदानें घालविणें त्यास येतें काय? त्यास एखादें वाद्य वाजवितां येतें काय, सांघिक खेळ येतो काय, दुसऱ्याची गोष्ट तो ऐकून घेतो काय? हे गुण जहाजावर चढल्यावर शिकविण्यास कोणी नसतो. ते शाळेच्या पटांगणावर, स्नेहसंमेलनांत व घरच्या ओसरीवरच येतात.

आणि ज्या विद्यार्थ्यांचे वडील आज बोटीवर आहेत त्यांस सांगावयाचें तें इतकेंच, कीं त्यांचा दूरध्वनि येईल तेव्हां मार्क आणि फीचा हिशेब उरकून मोकळे होऊं नका. आज त्यांच्या बोटीवर काय गायलें, काय खेळले, कोणाशीं बोलले, हें त्यांस विचारा. उत्तर देतां यावें म्हणून तरी ते दार उघडून बाहेर येतील.