सलाइन नव्हे, जलसंजीवनी मागा!

मृगाचे दोन पाऊस पडले, ओढ्याला गढूळ पाणी आले की आम्हा डॉक्टर मंडळींच्या दवाखान्यातली बाके भरू लागतात. नळाला पाणी तांबूस येते, माश्या वाढतात आणि घरोघरी पोटे बिघडतात. "डॉक्टर, पोराला रात्रीपासून पाण्यासारखे जुलाब होताहेत," हे वाक्य या दिवसांत मी रोज दहा वेळा ऐकतो. त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य ठरलेले असते : "एक सलाइन लावून टाका, म्हणजे काळजी नको." आज या दुसऱ्या वाक्याविषयी थोडे बोलायचे आहे.

सलाइनच्या बाटलीत असते तरी काय? साध्या सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. बाकी सगळे पाणी. दुसऱ्या प्रकारच्या बाटलीत साखर असते. थोडक्यात, आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर जे आहे तेच निर्जंतुक करून बाटलीत भरलेले असते. मग हेच तोंडाने का देऊ नये? साधा प्रश्न आहे, पण त्याचे उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला विसावे शतक अर्धे ओलांडावे लागले.

जुलाबात जीव कशाने जातो?

आपल्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर पाणी येते. दोनेक लिटर आपण खातो-पितो त्यातले, बाकीचे लाळ, जठररस, पित्त वगैरे पाचकरसांचे. यातले जवळजवळ सगळे पाणी आतडे पुन्हा शोषून घेते. शौचावाटे बाहेर पडते ते जेमतेम पाव लिटरच्या आत. रोगजंतूंमुळे ही व्यवस्था बिघडली की पाणी आणि क्षार बाहेर वाहू लागतात. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगातले एक लिटर पाणी गेले, तर त्याचा जीव धोक्यात येतो. म्हणजे बहुतेक वेळा मूल दगावते ते जंतूंमुळे नव्हे, तर अंगातले पाणी आटल्यामुळे. यालाच आम्ही शोष पडणे म्हणतो.

पटकीचा म्हणजे कॉलऱ्याचा जंतू आतड्यात विष सोडतो आणि त्या विषामुळे पाणी ओसंडते, हे १९५९ साली कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्राग येथील परिषदेत आतड्याच्या अस्तराची एक गंमत मांडली. या अस्तरात असे एक दार असते की तिथून साखर आणि मिठातला सोडियम हे दोघे जोडीनेच आत जातात. सत्यनारायणाच्या पूजेला जसे जोडपे बसावे लागते, तसेच हे. आणि ही जोडी आत गेली की पाणी आपोआप तिच्या मागून जाते. महत्त्वाचे म्हणजे पटकीच्या विषाने सुद्धा हे दार बंद होत नाही. जुलाब चालू असतानाही ते उघडेच असते!

म्हणून नुसते पाणी पाजून भागत नाही आणि नुसते मीठ घालूनही भागत नाही. साखर हवी, ती गोडीसाठी नव्हे, तर मिठाला आत न्यायला. १९६८ साली ढाक्याला डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी पटकीच्या रुग्णांना असे द्रावण तोंडाने पाजून ते काम करते हे दाखवून दिले. पण ते रुग्णालयात, तज्ज्ञांच्या नजरेखाली. खेड्यापाड्यात, अडाणी माणसांच्या हाती हे कसे द्यायचे, असा आक्षेप होताच.

बनगावचे ते दोन महिने

या आक्षेपाला उत्तर मिळाले ते १९७१ साली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. भर पावसाळा, उघड्यावरचे संसार. पटकीची साथ पसरली. कलकत्त्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनोबिस सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात पोचले, तेव्हा रुग्णांना खाटा नव्हत्या. दोन खोल्यांच्या जमिनीवर माणसे पडलेली, शिरेतून देण्याचे सलाइन संपत आलेले. सलाइन टोचणारे प्रशिक्षित हातही अपुरे.

महालनोबिसांनी निर्णय घेतला. एक लिटर पाण्याला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम खायचे मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा, अशा पुड्या कलकत्त्यात बांधून घेतल्या. छावणीत मोठमोठ्या पिंपांत द्रावण कालवले आणि रुग्णांच्या आया, भाऊ, बहिणी यांनाच कपाने पाजत राहायला सांगितले. लिटरमागे खर्च आला अकरा पैसे. 'सलाइन' या शब्दावर लोकांचा विश्वास म्हणून त्यांनी याला 'तोंडाने घ्यायचे सलाइन' असेच नाव दिले. जिथे शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आले. अडाणी समजल्या गेलेल्या माणसांनीच हे करून दाखवले.

जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी ते काम प्रत्यक्ष पाहिले आणि पुढे जगभर त्याचा पाठपुरावा केला. १९७८ साली 'लॅन्सेट' या प्रख्यात वैद्यकीय साप्ताहिकाने, हा कदाचित शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल असे म्हटले. १९८०च्या सुमारास जगात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे सेहेचाळीस लाख मुले अतिसाराने मरत होती, असा अंदाज होता. आज तो आकडा पाच लाखांच्या खाली आहे. त्यात स्वच्छ पाणी, लस, पोषण यांचाही वाटा आहे, पण या साध्या पुडीचा फार मोठा आहे. महालनोबिस २०२२च्या ऑक्टोबरात गेले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले.

माझी चूक

हे सारे मला पाठ्यपुस्तकातून ठाऊक होते. तरीही १९९८च्या जुलैत जे घडले ते सांगितले पाहिजे.

दवाखाना थाटून मला दोनच वर्षे झाली होती. बाजाराचा दिवस, बाहेर तीस-पस्तीस माणसे. जवळच्या वस्तीवरची एक शेतमजूर बाई चौदा महिन्यांची मुलगी घेऊन आली. सकाळपासून पाच-सहा जुलाब, थोडी उलटी. मुलगी रडत होती, डोळ्यांत पाणी होते, जीभ ओली होती. म्हणजे शोष नव्हता. मी जलसंजीवनीचे पाकीट आईच्या हातात ठेवले, म्हटले, "बाई, हे पाण्यात घालून पाजत राहा," आणि पुढच्या पेशंटला आत घेतले. आपण शास्त्राप्रमाणे वागलो याचे मला समाधानही वाटले.

तिसऱ्या दिवशी पहाटे दार वाजले. मुलीचे डोळे खोल गेले होते, टाळू बसली होती. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. शीर सापडेना. चार ठिकाणी टोचल्यावर घोट्याजवळ मिळाली. सलाइन सुरू करून जीपने जिल्ह्याच्या गावी धाडले. मुलगी वाटेतच गेली.

आठवड्याने मी वस्तीवर गेलो. आजीने सगळे सांगितले. आईने निम्मे पाकीट एका पेल्यात कालवले होते. ते इतके खारट झाले की पोरीने ओकून टाकले. "औषध मानवंना, म्हून म्या म्हणलं, पाणी नगं, दूध नगं, पोटाला इसावा द्या. जेवढं आत जाईल तेवढंच भाईर येतंय." टाळू पडली म्हणून तिने टाळूवर तेल भरले. उरलेले अर्धे पाकीट फळीवर तसेच होते.

त्या पाकिटावर 'एक लिटर' असे छापलेले होते. त्या बाईला वाचता येत नव्हते. मला येत होते. चूक आजीची नव्हती, आईचीही नव्हती. मी 'पाण्यात' म्हणालो, 'किती पाण्यात' ते सांगितले नाही.

हाताने करून दाखवा

शेजारच्या बांगलादेशात ब्रॅक या संस्थेला ही अडचण आधीच उमगली होती. १९८० ते १९९० या दहा वर्षांत तिच्या महिला कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. पाकिटे सगळीकडे पुरणार नाहीत म्हणून मूठभर गूळ, तीन बोटांची मिठाची चिमूट आणि अर्धा शेर पाणी, एवढेच शिकवायचे. पण तोंडाने सांगून नव्हे. आईने स्वतःच्या हाताने कालवून दाखवायचे. महिन्याभराने दुसरी व्यक्ती काही घरांत जाऊन परीक्षा घेई आणि आईला किती आठवते त्यावर त्या कार्यकर्तीचा पगार ठरे! तरीही सुरुवातीला बायका हे वापरत नव्हत्या. शोध घेतला तेव्हा कळले की खुद्द कार्यकर्त्यांचाच यावर विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांना तर कोणी काही सांगितलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना कारणमीमांसा समजावली, पुरुषांशी चावडीवर, मशिदीत बोलणी केली. तेव्हा गाडे चालू लागले.

तेव्हा वाचकहो, आता नुसते वाचू नका. घरात करून पाहा.

१. पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाएवढ्या स्वच्छ, शक्यतो उकळून गार केलेल्या पाण्यात ते अख्खे पाकीट एकदमच घालावे. मोठे पाकीट साधारण एक लिटरचे असते, लहान पाकीट एका पेल्याचे. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये.

२. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शीग लावू नये. आधी स्वतः चाखावे. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर ते ओतून पुन्हा करावे.

३. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबामागे पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. मोठ्या माणसाने हवे तितके प्यावे. द्रावण झाकून ठेवावे, चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे.

४. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. घाई करू नये.

५. अंगावरचे दूध बंद करू नये. मऊ भात, वरण, पेज, ताक, केळे चालू ठेवावे. पोटाला विसावा ही कल्पना सोडून द्यावी.

६. डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्याव्यात. सहा महिन्यांखाली रोज दहा, त्यापुढे वीस मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करावा.

जुलाब लगेच थांबेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. जलसंजीवनी जुलाब थांबवत नाही, माणूस वाचवते. जुलाब बहुधा काही दिवसांत आपले आपण थांबतात.

शौचात रक्त, मूल पीत नाही किंवा सुस्त पडले आहे, उलटी थांबत नाही, डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, यांतले काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. तिथे सलाइनच लागते आणि ते लावलेच पाहिजे. माझा राग सलाइनवर नाही, ऊठसूट लावण्यावर आहे.

दुकानात आणि दवाखान्यात

बाजारातली गोड शीतपेये, डब्यातले रस जुलाबात देऊ नयेत. त्यांतली जास्तीची साखर उलट पाणी आतड्यात ओढून जुलाब वाढवते. काही पेये तर 'ओआरएस' हे नाव लावून विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठ वर्षे झगडा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव वापरायला मनाई केली. तरी घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते पाहावे.

आता आमच्या घरचे सांगतो. सलाइनच्या बाटलीत डॉक्टरची कमाई आहे, पाकिटात नाही. हे लिहिल्याबद्दल काही व्यवसायबंधू रागावतील. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कर्नाटक आणि बिहारमधल्या दवाखान्यांत पालकांचे सोंग घेतलेली माणसे पाठवली होती. डॉक्टर जलसंजीवनी देत नाहीत याचे मोठे कारण निघाले ते असे की, 'लोकांना ती नकोच असते' असे डॉक्टरांना वाटते. ज्यांनी स्वतःहून मागितली, त्यांना ती मिळण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. म्हणजे गाठ तुमच्या हातात आहे. या पावसाळ्यात दवाखान्यात गेलात तर "सलाइन लावा" म्हणण्याऐवजी "मूल पीत असेल तर जलसंजीवनी द्या आणि कशी करायची ते दाखवा," असे म्हणा.

माझ्या टेबलावर गेली कित्येक वर्षे एक लिटरचे भांडे, एक पेला आणि एक चमचा असतो. पाकीट घेणारी प्रत्येक आई तिथेच द्रावण करते, स्वतः चाखते आणि पहिला चमचा मुलाला तिथेच पाजते. पाच मिनिटे जातात. बाहेर बसलेली मंडळी कुरकुर करतात. करू देत.