गोफणीला दोरी कुठली? वाख, सूत की नायलॉन

बेळगाव : शाळू हुरड्यात आला की पाखरांचे थवे उतरतात आणि माळ्यावर गोफण फिरू लागते. पूर्वी ती अंबाडीच्या किंवा घायपाताच्या वाखाची वळली जायची. आता नायलॉनची दोरी सहज मिळते. ती कुजत नाही, पण ताणली की लांबते, बोटातून सरकन निसटते. मग दगड सुटायची वेळ चुकते आणि नेम बिघडतो.

वाख कमी ताणतो, पकडही चांगली देतो. ओला राहिला तर मात्र कुजतो. म्हणून हंगाम संपला की गोफण वाळवून टांगून ठेवावी. सुती दोरी हाताला मऊ, पण लवकर झिजते.

जाडी पेन्सिलीएवढी बरी. त्याहून जाड दोरी हवेला अडते, बारीक दोरी बोट कापते. 80 ग्रॅमचा दगड 1 मीटरच्या फेऱ्यात सेकंदाला 25 मीटर वेगाने फिरला, तर दोरीवर सुमारे 5 किलोचा ओढा येतो. त्याच वेगात दगड दुप्पट जड घेतला तर ओढाही दुप्पट. जुनी दोरी तुटते ती इथेच, आणि तुटल्यावर दगड कुठे जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून रोज फिरवण्याआधी मधली पट्टी आणि बोटातला फास ओढून बघावा.

सुटणाऱ्या टोकाला वाखाचा झुपका ठेवला तर फटकारा जोरात वाजतो. पाखरं बहुतेक आवाजानेच उठतात. त्यामुळे रस्त्याकडेच्या शिवारात दगडाऐवजी मातीचं लहान ढेकूळ घेतलं तरी राखण होते, वाटसरूही सुखरूप राहतो.