छाती उघडण्याआधी थोडं मन उघडूया!

‘ओपन हार्ट’ हे दोन शब्द कानावर पडले की आपण पहिलं काम काय करतो? पेशंटपासून सगळं लपवतो. माझीही तीच चूक झाली. गडचिरोलीच्या माझ्या मोठ्या आईनं नागपूरच्या आयसीयूत शिकवलेला हा धडा...

शुक्रवारची संध्याकाळ. एफसी रोडवर मैत्रिणींबरोबर वीकेंडचे प्लॅन रंगलेले आणि मोबाइल वाजला. स्क्रीनवर ‘दादा’. गावाहून अवेळी आलेला फोन म्हणजे काय, हे घर सोडून शहरात आलेल्या आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. पोटात गोळाच येतो.

‘‘आईचा वाल खराब झाला म्हणते डॉक्टर. छाती उघडा लागते.’’

नोव्हेंबर २०२३. आरमोरीजवळच्या आमच्या गावात धानकापणी सुरू होती. मोठी आई, म्हणजे पुण्याच्या भाषेत मोठी काकू, वय ४७. दोन वर्षांपासून तिला चढ चढताना धाप लागायची. रात्री आडवं झालं की खोकला यायचा. ‘‘अशक्तपना हाय’’ म्हणून तिनं अंगावर काढलं. शेवटी टूडी इको झाला आणि निदान हातात आलं : हृदयाची माइट्रल झडप आवळून गेली आहे, बदलावी लागेल.

मी मास कॉमवाली. म्हणजे ‘रिसर्च’ माझ्याकडे! त्या रात्री मी लॅपटॉप उघडला आणि पहाटेपर्यंत वाचत बसले.

हे ‘ओपन हार्ट’ म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे ‘ओपन हार्ट’ आणि ‘बायपास’ हे शब्द एकाच अर्थानं वापरतात. पण बायपास म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तुंबल्या की त्यांना बाजूनं नवा रस्ता काढून देणं. तो बरेचदा हृदय धडधडत असतानाही करतात. मराठी वाचकाला ‘गडचिरोली आणि हृदय’ म्हटलं की शोधग्रामच्या डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आठवतं. तोही रक्तवाहिन्यांचाच आजार. मोठ्या आईची गोष्ट वेगळी होती. तिची झडप हृदयाच्या आत, त्यामुळे हृदय थांबवून, उघडून आत शिरायचं होतं.

आणि या आजाराचं मूळ कुठे? तर बहुतेक वेळा लहानपणच्या घसादुखीत! स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे घसा दुखतो, त्यावर नीट उपचार झाले नाहीत तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. सांधे सुजतात, बरे होतात, घरचे विसरून जातात. हृदयाची झडप मात्र विसरत नाही. ती हळूहळू जाड होत जाते आणि वीस-तीस वर्षांनी धाप लागायला सुरुवात होते. वेळीच कळलं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं साधं इंजेक्शन पुढचं नुकसान टाळू शकतं. मोठ्या आईला लहानपणी ‘गुडघ्याचा ताप’ आला होता, हे तिच्या आईला अजून आठवतं.

हृदय थांबवूनही माणूस जिवंत ठेवता येतो, हे १९५३ मध्ये फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी दाखवलं. त्यांच्या हार्ट-लंग मशीननं एका १८ वर्षांच्या मुलीचं रक्त शरीराबाहेर फिरवलं आणि तेवढ्या वेळात त्यांनी तिच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. भारतात ही शस्त्रक्रिया १९६१ च्या सुमारास, वेल्लोरसारख्या ठिकाणी सुरू झाली. आज ती रोजची झालीय. अर्थात डॉक्टरांसाठी रोजची. आपल्या घरात ती पहिलीच असते ना!

बॅग भरण्याआधी

आमच्याकडून ओपन हार्टसाठी निघालेली गाडी बहुतेक वेळा नागपूरलाच थांबते. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड असा रस्ता. गडचिरोलीत २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, पण हृदयाच्या ऑपरेशनसाठी आजही आमचे लोक हाच रस्ता धरतात.

पैशांचं टेन्शन आम्हाला सगळ्यात जास्त होतं आणि तेच सगळ्यात आधी सुटलं. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. झडप बदलण्याचं ऑपरेशन या योजनेत बसतं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, जुलै २०२४ पासून ती ५ लाख झाली. फंडा सोपा आहे : योजनेतल्या हॉस्पिटलात शिरल्या शिरल्या ‘आरोग्यमित्रा’चं टेबल गाठायचं. रेशन कार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट सोबत ठेवायचे. मंजुरी येईपर्यंत थोडे दिवस जातात, ते धरूनच चालायचं.

मग तपासण्या. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, परत इको. वय चाळिशीपुढचं म्हणून अँजिओग्राफी. दातांच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. मोठी आई हसली, ‘‘कारीज उघडाचं तं दात कायले पायते?’’ (कारीज म्हणजे काळीज. आमच्या झाडीपट्टीत ‘ळ’चा ‘र’ होतो.) कारण असं, की किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात.

आणि एक आमच्या भागाची खास गोष्ट, सिकलसेल. गडचिरोली-चंद्रपूरकडे तो बऱ्याच घरांत आढळतो. या आजारात ऑक्सिजन कमी पडला, थंडी वाजली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि हार्ट-लंग मशीनवर तर शरीर बरेचदा थंड करतात! आधी माहीत असेल, तर डॉक्टर तापमान आणि रक्त यांचं नियोजन त्याप्रमाणे बदलतात. दादानं ट्रंकेतून जुनं कार्ड शोधून आणलं. मोठी आई ‘वाहक’. तिला त्रास कधीच नव्हता, पण भूलतज्ज्ञांनी ते कार्ड दोनदा वाचलं.

बांगड्या काढल्या तो दिवस

आदल्या रात्रीपासून उपास. जंतुनाशकानं आंघोळ. अंगावरचे केस काढतात. मग सिस्टर म्हणाल्या, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र सगळं काढा. छाती उघडणार, हे ऐकूनही न रडलेली मोठी आई हिरव्या बांगड्या उतरवताना रडली. मोठे बाबा तिकडे तोंड फिरवून उभे राहिले. हे घडणार हे ठाऊक असतं, तर आदल्या दिवशी घरीच, शांतपणे, स्वतःच्या हातांनी काढल्या असत्या, असं ती नंतर म्हणाली.

आत काय होतं? आधी भूल. पेशंटच्या लेखी गोष्ट तिथेच संपते. मग छातीच्या मधोमध साधारण वीतभर छेद, उरोस्थी म्हणजे छातीचं मधलं हाड कापून बाजूला. रक्त मशीनकडे वळवतात, पोटॅशियमचं द्रावण देऊन हृदय शांत करतात. खराब झडप काढून नवी शिवतात. मग हृदय पुन्हा सुरू करतात आणि हाड स्टीलच्या तारांनी बांधतात. त्या तारा कायमच्या आतच राहतात. साधारण तीन ते सहा तास.

झडप दोन प्रकारची. प्राण्याच्या ऊतींची झडप काही वर्षांनी झिजते. धातूची खूप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेनं धातूची स्वस्त भारतीय झडप बनवली, १९९० मध्ये ती पहिल्यांदा बसवली गेली. मोठ्या आईचं वय बघून डॉक्टरांनी धातूची सुचवली. तरुण मुलगी असेल तर हा निर्णय आणखी नाजूक, कारण रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या गरोदरपणात बाळाला धोक्याच्या असतात. लग्न, मूल हे विषय तिथे लाजायचे नाहीत, सरळ विचारायचे.

‘तुले मालूम होतं?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाच मिनिटं आयसीयूत सोडलं. गाऊन, टोपी, मास्क. मोठी आई जागी होती. घशात श्वासाची नळी, मानेत सुई, छातीतून दोन नळ्या, लघवीची पिशवी. आणि दोन्ही हात मऊ पट्टीनं पलंगाला बांधलेले. ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी, पण आवाज नाही.

हे सगळं नॉर्मल होतं, बरं का. श्वासाची नळी काही तास ते एखादा दिवस राहते. ती घशातून जाते म्हणून बोलता येत नाही. अर्धवट शुद्धीत पेशंट ती ओढून काढेल, म्हणून हात बांधतात. छातीतल्या नळ्यांतून साचलेलं रक्त बाहेर येतं. तहान भयंकर लागते आणि पाणी मिळत नाही. हे सगळं मी त्या रात्री लॅपटॉपवर वाचलं होतं. आणि तिला काय सांगितलं होतं? ‘‘काही नाही गं, झोपायचं आणि उठायचं!’’

तिसऱ्या दिवशी वॉर्डात आल्यावर ती म्हणाली, ‘‘मले वाटलं मी मेली. मेल्यावर बांधते तसे हात बांधले होते. ओरडाले गेली तं आवाजच नाई निंगे.’’

मी गप्प.

‘‘तुले मालूम होतं?’’

‘‘हो.’’

‘‘मंग सांगतलं कायले नाई? पयलेच सांगतलं असतं तं इतकं भेव नसतं लागलं, माय.’’

ती चिडली नव्हती. तेच जास्त लागलं. आपण ‘पेशंट घाबरेल’ म्हणतो, पण खरं तर आपल्यालाच सांगायला भीती वाटत असते. गावाकडची, कमी शिकलेली बाई, तिला काय कळणार, हेही त्यात कुठेतरी होतं. कबूल करते.

त्यानंतर आम्ही नियम केला, प्रत्येक गोष्ट आधी सांगायची. उद्या सकाळी छातीतल्या नळ्या काढणार, एक क्षण जोरात दुखेल. खोकायचंय, उशी छातीशी घट्ट धरून खोक. तीन चेंडूंचं ते खेळण्यासारखं यंत्र फुफ्फुसं फुलवायला आहे, तासातासाला ओढ. जेवण नको वाटेल, रात्री झोप लागणार नाही, उगाच रडू येईल, कधी भलतंच काही दिसेल-भासेल. बऱ्याच जणांना होतं, बहुतेकांचं ओसरतं.

सहाव्या दिवशी शेजारच्या पलंगावर चामोर्शीकडची एक बाई आली, दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन. संध्याकाळी बघते तर मोठी आई तिच्याजवळ बसून सांगतेय, ‘‘घशात नळी रायते, बोलता येत नाई. हात बांधते. भ्याचं नाई, मेल्यासारखं वाटते, पन मेलो नसतो.’’ इतकं छान ब्रीफिंग मी कुठल्याच ब्रोशरमध्ये वाचलेलं नाही!

टिक टिक वाजते छातीत

दहाव्या दिवशी घरी. छातीचं हाड भरायला सहा ते आठ आठवडे, पूर्ण ताकद यायला तीनेक महिने लागतात. तोवर दुचाकी नाही, जड उचलणं नाही. शहरात हे सोपं आहे. गावात हंडा, हातपंप, सरपण, सगळंच जड! दादानं पहिल्यांदा आयुष्यात पाणी भरलं. (वहिनी या ऑपरेशनवर बेहद्द खूश!)

घरच्या पहिल्या रात्री मोठी आई दचकून उठली. धातूची झडप बंद होताना बारीक टिकटिकते. नागपूरच्या गोंगाटात ऐकू आली नव्हती, गावाच्या शांततेत घड्याळासारखी वाजायला लागली. पण हे तिला आधी सांगून ठेवलं होतं. ती उठली, ऐकलं आणि परत झोपली. एवढाच फरक पडतो सांगण्यानं.

खरी परीक्षा गोळीची. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं, पण जास्त पातळ झालं तर रक्तस्राव. ते मोजायची तपासणी म्हणजे आयएनआर. माइट्रल झडपेसाठी तो साधारण २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवतात. मोठी आई महिन्याला एकदा एसटीनं गडचिरोली गाठते, रिपोर्टचा फोटो दादा मला पाठवतो, मी नागपूरला.

२०२४ च्या पावसाळ्यात आकडा एकदम घसरला. गोळी चुकली नव्हती. मग? पहिल्या पावसाबरोबर तरोट्याची कोवळी भाजी उगवली आणि घरात पंधरा दिवस दोन्ही वेळ तीच! हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं, ते गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाजी बंद करायची नाही, डॉक्टर म्हणाले, फक्त वर्षभर सारख्या प्रमाणात खायची. मोहाची दारू, दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी, जडीबुटी यांनीही आकडा हलू शकतो. विचारल्याशिवाय काहीच नाही.

आता ती रोवणीला बांधावर उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडते. चढ चढते. आणि गावात कुणाला नागपूरला नेणार असतील, तर आदल्या दिवशी तिच्याकडे पाठवतात.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरात असा फोन आला तर गूगल जरूर करा. पण वाचलेलं स्वतःजवळ ठेवू नका. ज्याची छाती उघडणार आहे, त्याला ते आधी कळायला हवं.

पेशंटला हे आधी सांगाच!

- शुद्धीवर येताना घशात नळी असेल, बोलता येणार नाही, हात बांधलेले असतील. ‘हो’, ‘नाही’, ‘दुखतंय’ यांच्या खुणा आधीच ठरवा.
- धोका किती, हे सर्जनना पेशंटसमोर साध्या भाषेत विचारा. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात यांची शक्यता प्रत्येकाची वेगळी असते.
- दागिने, बांगड्या घरीच काढा.
- सिकलसेल, मधुमेह, ॲलर्जी, चालू गोळ्या, काहीही लपवू नका.
- आयएनआर कुठे, किती दिवसांनी आणि रिपोर्ट कुणाला दाखवायचा, हे डिस्चार्जआधी लिहून घ्या.
- दात काढायचा असेल तर झडपेबद्दल आधी सांगा, अँटिबायोटिक लागू शकतं.
- ताप, जखमेतून पू, वाढती धाप, काळी शौच, एका बाजूची कमजोरी किंवा टिकटिक अचानक बदलली, तर थांबू नका. सरळ हॉस्पिटल.