सन १७५१ ची तहपुरवणी व सामी लोकांची वहिवाट

युरोपच्या उत्तर टोकास नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व रशिया या देशांच्या मुलखांत सामी लोकांची फार जुनी वस्ती आहे. जुन्या कागदपत्रांत त्यांस लाप म्हटलें आहे; हें नांव त्यांस आतां अपमानास्पद वाटतें. त्यांपैकीं रेनडियर पाळणारीं कित्येक कुटुंबें हिवाळा पूर्वेकडील अरण्यांत काढीत आणि उन्हाळ्यांत कळपांसह पश्चिमेच्या समुद्रकिनाऱ्याकडे जात. राज्यांच्या सरहद्दी तेथें निश्चित नसल्यामुळें एकाच कुटुंबाकडून दोन दोन सरकारें कर घेत.

सन १६७३ मध्यें स्वीडनच्या राजानें जाहीरनामा काढून या प्रदेशांत वसाहत करणारांस १५ वर्षांची करमाफी व लष्करी चाकरींतून सूट दिली. येथूनच शेतकरी वसाहतवाले व कळपवाले यांच्यामधील तंट्यांस पुढें जागा झाली.

सरहद्द ठरविण्याकरितां डेन्मार्क-नॉर्वेतर्फे मेजर पेटर श्निटलर यानें १७४२ ते १७४५ या काळांत स्थानिक लोकांच्या जबान्या घेतल्या. त्यांत सामी साक्षीदारही होते. पुढें १७५१ मध्यें स्ट्रोम्स्टाड येथें स्वीडनशीं तह झाला. त्यास जोडलेल्या ३० कलमांच्या पुरवणीनें सामींस वसंतांत व शरदांत जुन्या रिवाजाप्रमाणें सरहद्द ओलांडण्याची मुभा दिली, कर एकाच राज्यास द्यावा असें ठरविलें, आणि युद्धकाळींही ही ये-जा चालू राहावी असें मान्य केलें.

ही केवळ राजांची उदारता नव्हे. करदात्या सामींच्या वहिवाटीवरच दोन्ही दरबारांनीं आपला हक्क सांगितला होता. ती वहिवाट नाकारल्यास त्यांच्या स्वतःच्या दाव्याचा पाया ढासळता.

पुढील शतकांत मात्र याचा विसर पडला. रशियानें १८५२ त नॉर्वे-फिनलंड सरहद्द कळपांस बंद केली. १९१९ च्या नॉर्वे-स्वीडन करारानें चराई आखडली, व करेसुआंडोकडील अनेक कुटुंबांस घरदार सोडून दक्षिणेस जावें लागलें. फिरत्या लोकांस जमिनीची मालकी कसली, असें राज्यकर्ते म्हणूं लागले.

या प्रश्नाचें उत्तर अखेर जुन्या दप्तरांतून निघालें. ता. २३ जानेवारी २०२० रोजीं स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयानें गिर्यास या सामी संघाचा, आपल्या क्षेत्रांत लहान शिकारीचे व मासेमारीचे परवाने देण्याचा हक्क अनादि वहिवाटीच्या आधारें मान्य केला. त्या निर्णयांत जुन्या कागदपत्रांचा पुरावा विचारांत घेतला गेला. १७५१ ची पुरवणीही औपचारिकपणें कधीं रद्द झालेली नाहीं. सरहद्दीसाठीं गोळा केलेला पुरावा असा कधीं कधीं ती आंखणारांसही बांधून ठेवतो.