मनीप्लँट : जपणूक मापातली

पेठेतील अनेक दुकानांत गल्ल्याजवळ काचेच्या बाटलीत मनीप्लँटची वेल दिसते. नावातच पैसा असल्याने व्यापारी घरांत तिला मानाची जागा मिळाली. सोबत एक समजूतही आली : दुसऱ्याच्या दारातून न विचारता तोडून आणलेली वेलच फोफावते. जिथे मुलांना अचौर्याचा पाठ दिला जातो, त्या घरांतही ही गोष्ट हसत सांगितली जाते. प्रत्यक्षात वेल रुजते ती पेरामुळे. पानाच्या देठाशी खोडावर पेर असते आणि त्यातूनच मुळे फुटतात. पेरासह कापलेली काडी मागून आणली तरी तितकीच जोमाने वाढते. पेराविना ठेवलेले नुसते पान काही दिवस हिरवे राहते, पण त्याची वेल होत नाही.

ही वेल मूळची प्रशांत महासागरातील ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरची. उष्ण, दमट रानात ती झाडांच्या खोडांना धरून चढते आणि उंचावर तिची पाने हातभर लांब होतात. घरातील निगा या स्वभावावरूनच ठरते. तिला भरपूर उजेड हवा, पण दुपारचे थेट ऊन नको. उन्हाने पाने करपतात, तर अंधारात त्यांवरील पिवळी नक्षी फिकी पडते. काथ्या गुंडाळलेल्या काठीचा आधार दिल्यास पाने मोठी होतात. लोंबकळणाऱ्या वेलीची पाने लहानच राहतात.

कुंडीतील वेल दुर्लक्षापेक्षा लाडानेच अधिक वेळा दगावते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सतत ओल्या मातीत हवेला जागा उरत नाही आणि मुळे कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नसल्याने पाने पिवळी पडून माना टाकतात. घरच्यांना वाटते, वेल तहानलेली आहे; आणखी एक तांब्या ओतला जातो आणि उरलेली मुळेही जातात. म्हणून पाणी घालण्यापूर्वी बोटाने माती चाचपावी. वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. कुंडीला तळाशी छिद्र असावे आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. पावसाळ्यात व थंडीत माती उशिरा सुकते. त्या काळात पाणी आपोआप कमी करावे लागते.

बाटलीतील वेलीची चिंता वेगळी. डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. जिथे कीटकनाशक फवारणे मनाला पटत नाही, तिथे जीवोत्पत्तीच होऊ न देणे हाच योग्य मार्ग. पाणी गाळण्याच्या जाड कापडाचा तुकडा काडीभोवती बांधून बाटलीचे तोंड पहिल्या दिवसापासून बंद ठेवावे, म्हणजे डासाला आत शिरता येत नाही. पाणी दर आठवड्याला बदलावे. हे जमत नसेल, तर वेल कुंडीत लावणेच बरे.

आणखी दोन गोष्टी. रोपवाटिकेत मिळणाऱ्या खतांच्या मिश्रणात कधी हाडांचा चुरा असतो. विकत घेताना पुडीवरील घटक वाचावेत किंवा स्पष्ट विचारावे. महिन्या-दोन महिन्यांनी मूठभर चांगले कुजलेले शेणखत या वेलीला पुरते. दुसरे, तिच्या पानांत व खोडात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चघळल्यास तोंडाची आग होते आणि ओठ व जीभ सुजते. रांगते मूल असलेल्या घरात वेल उंचावरच असावी.

वेलीने गल्ला भरत नाही. परंतु मापात पाणी मिळालेली एक वेल वर्षानुवर्षे टिकते, आणि मागायला आलेल्या शेजाऱ्याला पेरासह एक काडी सहज देता येते.